एकच गेम, कन्सोलवर सुरळीत आणि लॅपटॉपवर झटके: टेस्टिंगमध्ये नेमकं काय वेगळं असतं?

खानापूरच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. कोल्हापूरला मामाच्या घरी पीएस५ वर, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ५ या कन्सोलवर, जो गेम जराही न अडखळता चालतो, तोच याच्या लॅपटॉपवर झटके खातो, कधी बंदच पडतो. लॅपटॉप तर पीएस५ पेक्षा महाग. मग पीसीच्या गेमचं टेस्टिंग कमी करतात का, कन्सोलच्या गेमचा दर्जा खरंच वरचा असतो का, आणि या कामात शिरायचं तर बेळगाव भागात राहून तयारी कशी करायची, असं त्यानं विचारलंय.

मी गेम टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढली, आधी पुण्यात आणि आता बेळगावातून. पीसी आणि कन्सोल दोन्हींचं काम केलंय. माझं उत्तर असं, की पीसीचं टेस्टिंग कमी होत नाही, पण ते पुरं होऊच शकत नाही. कन्सोलवर यंत्र ठरलेलं असतं, आणि गेम विक्रीला जाण्याआधी कन्सोल बनवणारी कंपनी तो स्वतः तपासते. पीसीवर या दोन्ही गोष्टी नाहीत. तुम्हाला लॅपटॉपवर जो त्रास होतो, त्यातला बराचसा इथूनच येतो.

आधी यंत्राचं बघू. पीएस५ मध्ये १६ जीबी मेमरी, ठरलेला प्रोसेसर, ठरलेली ग्राफिक्स चिप, ठरलेली एसएसडी. मॉडेलं मोजकी. कोल्हापुरातला पीएस५ आणि टोकियोतला पीएस५ गेमच्या लेखी एकच. त्यामुळे टेस्टरच्या टेबलावर जे घडतं तेच मामाच्या घरी घडतं, आणि मामाच्या घरी जे बिघडतं ते टेस्टरला पुन्हा घडवून बघता येतं. आमच्याकडे याला ‘रिप्रो’ म्हणतात, आणि निम्मं काम तेच आहे. रिप्रो मिळाला की प्रोग्रामर बग शोधून काढतो. नाही मिळाला, तर तो बग यादीत नुसता पडून राहतो.

आता पीसीचा हिशोब करा. समजा स्टुडिओनं १० ग्राफिक्स कार्डं, ६ प्रोसेसर, ड्रायव्हरच्या (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) ३ आवृत्त्या, विंडोजच्या २ आवृत्त्या आणि ४ रिझोल्यूशन एवढंच तपासायचं ठरवलं. यांच्या जोड्या लावल्या की १,४४० वेगवेगळी यंत्रं होतात. आणि यात अजून रॅम नाही, हार्ड डिस्क नाही, अँटीव्हायरस नाही, स्क्रीनवर फ्रेम मोजणारी दुसरी सॉफ्टवेअरं नाहीत. एवढ्या सगळ्यांवर पूर्ण गेम खेळून बघणं कुणालाच परवडत नाही. म्हणून आम्ही यादी अशी आखतो, की कुठल्याही दोन गोष्टींची जोडी निदान एकदा तरी तपासली जावी. या उदाहरणात त्यासाठी कमीत कमी ६० यंत्रं लागतात, कारण १० कार्डं आणि ६ प्रोसेसर यांच्याच ६० जोड्या होतात. तेवढंही काटेकोर करणारे स्टुडिओ मी फार बघितले नाहीत. जे करतात त्यांचाही एखादा बग निसटतो, कारण काही बग तीन गोष्टी एकत्र आल्या तरच उठतात: अमुक कार्ड, त्याचा अमुक महिन्याचा ड्रायव्हर आणि अमुक रिझोल्यूशन.

पण झटक्यांचं सर्वांत मोठं कारण वेगळंच आहे, आणि त्याच्यावर जरा थांबतो, कारण लोक यात विनाकारण लॅपटॉपला दोष देतात.

धूर, पाणी, चिलखतावरची चमक कशी रंगवायची हे ग्राफिक्स चिपला सांगणारे छोटे प्रोग्राम असतात, त्यांना शेडर म्हणतात. प्रत्येक जातीच्या चिपच्या आतल्या सूचना वेगळ्या. कन्सोलवर चिप ठाऊक असते, म्हणून शेडर स्टुडिओतच पूर्ण तयार करून गेमसोबत देतात. पीसीवर ते अर्धे तयार येतात आणि शेवटचं रूपांतर तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर तुमच्याच यंत्रावर करतो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावर ६० चित्रं, हव्यात तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. ऐन लढाईत नवा स्फोट पडद्यावर आला आणि त्याचा शेडर तयार करायला १०० मिलिसेकंद गेले, तर सहा फ्रेम हुकल्या. तोच तुमचा झटका. डायरेक्टएक्स १२ (विंडोजवर गेमला ग्राफिक्स चिपशी बोलू देणारी यंत्रणा) आल्यापासून ही तयारी आधीच करून ठेवायची जबाबदारी बरीचशी गेम लिहिणाऱ्यावर आली, आणि ती सगळ्यांनी सारखी निभावलेली नाही.

हा बग टेस्टरच्या नजरेतून का सुटतो, हे कळलं की तुम्हाला आमचं काम कळेल. एकदा तयार झालेला शेडर डिस्कवर साठवला जातो. टेस्टरनं तीच लेव्हल कितीतरी वेळा खेळलेली असते, त्याच्या यंत्रावर सगळे शेडर साठलेले, त्यामुळे त्याला झटका दिसतच नाही. गेम विकत घेणारा माणूस मात्र पहिल्यांदाच खेळतो. म्हणून दर फेरीआधी शेडरचा साठा पुसायचा, ही शिस्त चाचणीच्या योजनेतच लिहिलेली असावी लागते. आठवण राहील यावर ती सोडून चालत नाही.

ठरलेल्या यंत्रानं किती फरक पडतो याचा चांगला दाखला २०२२ च्या फेब्रुवारीत आलेल्या एल्डन रिंग या गेमचा. पीसीवर तो अडखळत होता. वाल्व्ह कंपनीच्या स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग यंत्रावर मात्र त्याच पीसी आवृत्तीचं अडखळणं बरंच कमी करता आलं, कारण डेकचं यंत्र एकच असल्यानं शेडर आधी तयार करून पाठवता येतात, आणि वाल्व्हनं त्यांच्या बाजूनं या गेमसाठी आणखी सुधारणाही केल्या. डेकची ताकद चांगल्या गेमिंग पीसीपेक्षा पुष्कळ कमी आहे, हे लक्षात घ्या.

तेव्हा लॅपटॉप विकायला काढण्याआधी झटका कुठल्या जातीचा आहे ते बघा. एखाद्या जागी पहिल्यांदा झटका आला, आणि परत त्याच जागी गेल्यावर आला नाही, तर तो शेडरचा. त्याच जागी दर खेपेला येतो, विशेषतः नवीन भागात शिरताना, तर डिस्क किंवा मेमरी कमी पडतेय. हार्ड डिस्क असेल तर गेम एसएसडीवर हलवा. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रं) ‘हाय’वरून ‘मीडियम’वर आणल्यावर थांबला, तर ग्राफिक्स मेमरी पुरत नव्हती. आपल्याकडच्या खूप लॅपटॉपांत जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड आहे, त्याला स्वतःची मेमरी ४ जीबी. सुरुवातीला सगळं छान आणि अर्ध्या तासानं वेग घसरला, तर उष्णता. एप्रिल-मेमध्ये अथणी-चिकोडीकडे बंद खोलीत हे हमखास होणार. आणि सुरुवातीपासूनच सगळं मंद असेल, तर गेम प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर चालत नाही ना ते विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये तपासा, चार्जर लावलाय का बघा, आणि रॅमची एकच पट्टी आहे का तेही बघा. एकाच पट्टीनं मेमरीची ये-जा निम्म्या रुंदीनं होते. दुकानदार ‘१६ जीबी आहे की’ म्हणतो, पण १६ ची एक पट्टी आणि ८ च्या दोन यांत गेमला फरक पडतो.

आता दुसरी गोष्ट, कन्सोलवाल्यांची तपासणी. सोनी तिच्या नियमांना टीआरसी म्हणते, मायक्रोसॉफ्ट एक्सआर, निन्टेन्डोच्या तपासणीचं नाव लॉटचेक. नियमांची पूर्ण कागदपत्रं गोपनीयतेच्या करारात असतात, त्यामुळे त्यातली कलमं इथे मांडता येणार नाहीत, पण स्वरूप सगळ्यांना माहीत आहे. खेळताना कंट्रोलरची बॅटरी संपली तर गेम थांबला पाहिजे. सेव्ह होताना खेळाडूला तसं दिसलं पाहिजे. कन्सोल झोपवून पुन्हा उठवला तर गेम जिथल्या तिथे हवा. मध्येच दुसऱ्या खात्यानं लॉगिन केलं, इंटरनेट गेलं, डिस्क भरली, तरी गेम कोसळता कामा नये. बटणांची नावं त्या त्या कन्सोलचीच हवीत.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात मशिन शॉपमध्ये काम केलेल्यांना हे लगेच समजेल. गो-नो-गो गेज भोकात एका बाजूनं जातो, दुसऱ्या बाजूनं जात नाही, म्हणजे माप बरोबर. तो पार्ट पुढं पंपात किती वर्षं टिकेल हे गेज सांगत नाही. कन्सोलवाल्यांची ही तपासणी, म्हणजे सर्टिफिकेशन, नेमकी तशीच आहे. गेम यंत्राच्या नियमांत बसतो एवढं ती सांगते. लढाई रंगतदार आहे का, चौथ्या प्रकरणातलं दार उघडतं का, तीस तास खेळल्यावर काय होतं, हे बघायचं काम स्टुडिओच्या स्वतःच्या टेस्टरांचं.

याची उदाहरणं कन्सोलवरच सापडतात. स्कायरिम हा गेम ११ नोव्हेंबर २०११ ला आला. पीएस३ वर खेळाडू जसजसे पुढं गेले तशी सेव्ह फाइल फुगत गेली, आणि गेम इतका रेंगाळायला लागला की खेळणं अशक्य. पीएस३ ची मेमरी २५६ आणि २५६ एमबी अशी दोन वेगळ्या भागांत विभागलेली, त्यामुळे एका भागातली टंचाई दुसऱ्यातून सहज भागवता येत नसे. पहिल्या काही तासांत काहीच दिसत नाही. असला बग धरायला लांबवर खेळलेल्या सेव्ह फाइली जपून ठेवाव्या लागतात आणि प्रत्येक नवी आवृत्ती त्यांच्यावर चालवावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या मते यातूनच टेस्टरची किंमत कळते.

सायबरपंक २०७७ चं प्रकरण तर सगळ्यांना आठवत असेल. १० डिसेंबर २०२० ला आला, चांगल्या पीसीवर खेळण्याजोगा होता, आणि २०१३ सालच्या मूळ पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर त्याची अवस्था वाईट होती. आठवडाभरातच सोनीनं तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. २०२१ च्या जूनमध्ये परत घेतला. हा गेम सर्टिफिकेशनमधून गेलेलाच होता. बनवणाऱ्या कंपनीनंच नंतर गुंतवणूकदारांना सांगितलं, की आम्ही प्रकाशनापर्यंत दुरुस्त करू असा कन्सोलवाल्यांनी विश्वास ठेवला असावा. म्हणजे या तपासणीत सवलत मिळते. मोठ्या नावाला ती जास्त सहज मिळते, असं माझं मत आहे.

तपासणीची दुसरी बाजूही सांगतो. दर अपडेटही त्याच वाटेनं जातं. फेझ नावाच्या छोट्या गेमचं २०१२ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर एक अपडेट आलं आणि काही थोड्या खेळाडूंची सेव्ह त्यानं बिघडवली. ते दुरुस्त करून पुन्हा तपासणीला द्यायचा खर्च परवडत नाही म्हणून निर्मात्यांनी बिघडवणारंच अपडेट तसंच ठेवलं. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनं अपडेटसाठीचं हे शुल्क काढून टाकलं, आणि ते फार बरं झालं. पीसीवर मात्र सकाळी सापडलेला बग संध्याकाळी दुरुस्त होऊन खेळाडूपर्यंत पोचू शकतो. ही ताकद मोठी आहे, तशी सवय लावणारीही. नंतर अपडेट देऊच की, असं म्हणून तारीख पाळली जाते.

स्टीम या वाल्व्हच्या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर गेम टाकताना काहीच बघत नाहीत असं नाही. गेम सुरू होतो का, पानावर लिहिलेल्या गोष्टी खऱ्या आहेत का, एवढं तपासतात. पण त्याला दर्जाची तपासणी म्हणता येत नाही. पीसीवर दर्जाचा धाक येतो तो पैसे परत मागणाऱ्या ग्राहकाचा. स्टीमनं २०१५ च्या जूनच्या सुरुवातीला परताव्याचा नियम आणला: खरेदीपासून १४ दिवसांत, २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर. त्याच महिन्यात २३ तारखेला बॅटमॅन अर्कहॅम नाइट आला. पीसी आवृत्ती बाहेरच्या स्टुडिओकडे दिलेली, ३० फ्रेमवर अडवलेली, आणि चांगल्या कार्डांवरही अडखळणारी. दुसऱ्याच दिवशी कंपनीनं पीसीवरची विक्री थांबवली. ऑक्टोबरच्या अखेरीस गेम परत आला. कन्सोलवर तोच गेम व्यवस्थित चालू होता. तुमच्या प्रश्नातली तक्रार याच्याइतकी ठळक मला दुसरीकडे दिसलेली नाही.

परताव्याच्या या दोन तासांत एक खोच आहे, ती ध्यानात ठेवा. २८ मार्च २०२३ ला पीसीवर आलेल्या द लास्ट ऑफ अस भाग १ मध्ये सुरुवातीची शेडरची तयारीच पुष्कळ यंत्रांवर फार वेळ चालायची, आणि गेम उघडा असल्यानं तो वेळ खेळल्यातच धरला जातो. नवा गेम घेतला की घड्याळ लावून बघा.

कन्सोल सगळीकडे सरस असं मी म्हणणार नाही. बाल्डर्स गेट ३ पीसीवर ऑक्टोबर २०२० पासून अपुऱ्या अवस्थेत विकला जात होता आणि हजारो खेळाडू त्याचा पहिला भाग खेळून बग कळवत होते. पूर्ण गेम ३ ऑगस्ट २०२३ ला आला. एक्सबॉक्सवर मात्र तो डिसेंबरपर्यंत लांबला, कारण १० जीबी मेमरीच्या सिरीज एस या एक्सबॉक्स मॉडेलवर दोघांनी पडदा वाटून खेळणं जमत नव्हतं. शेवटी त्या मॉडेलवर ती सोय वगळूनच गेम आणला. ठरलेलं यंत्र मदत करतं, तसं अडवतंही. शिवाय कन्सोलच्या ३० फ्रेम गृहीत धरून लिहिलेला हिशोब पीसीवर ६० फ्रेमला दुप्पट वेगानं धावतो. डार्क सोल्स २ मध्ये पीसीवर हत्यारं दुप्पट झिजायची, ती याच कारणानं. म्हणून मी ३०, ६०, १४४ अशा तिन्ही वेगांवर उडी, पडणं आणि मार यांचं मोजमाप करून बघायला सांगतो.

आता तुमच्या तयारीबद्दल. पुणे आणि बंगळूर या दोन्ही शहरांत गेमचं काम चालतं. युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात आहे, रॉकस्टारचा बंगळुरात, आणि आपण त्या दोन्हींच्या मधल्या हायवेवर आहोत. पण आपल्या भागाकडे दुसरंही एक बळ आहे. इथल्या पोराला मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्या येतात. त्याचा टेस्टिंगला उपयोग असा: विंडोजवर लोकल अकाउंट मराठी नावानं उघडा. यूझर फोल्डरचं नाव देवनागरीत होतं, आणि जुन्या पद्धतीनं लिहिलेले काही गेम त्या फोल्डरात सेव्हच करू शकत नाहीत. हे फक्त पीसीवर घडतं. मग गेममधल्या पात्राला ‘क्षितिज’ असं नाव देऊन बघा. ऱ्हस्व इकार साठवला जातो अक्षरानंतर आणि दिसायला हवा अक्षराआधी. मजकुराची मांडणी नीट न करणाऱ्या गेम इंजिनात तो मागे लटकतो आणि ‘क्ष’ फुटतो. तेच कन्नडच्या ओत्तक्षरांचं, म्हणजे अक्षराखाली लागणाऱ्या जोडाक्षरांच्या रूपांचं. परदेशातल्या टेस्टरला यात चूक आहे हे दिसणारच नाही.

वीज जाणं हीदेखील चाचणीच आहे. पावसाळ्यात खानापूर-जांबोटी भागात ती जातेच. सेव्हचं चिन्ह फिरत असताना डेस्कटॉपची वीज गेली, तर आधीची सेव्ह शाबूत राहते की दोन्ही जातात? चांगला गेम नवी फाइल पूर्ण लिहून झाल्यावरच जुनी बदलतो. हे मुद्दाम करून बघायचं तर जुन्या यंत्रावर करा, कॉलेजच्या प्रोजेक्टच्या लॅपटॉपवर नको.

आणि आजपासून बग लिहायला लागा. तुमच्या लॅपटॉपवर जो गेम बंद पडतो त्याचाच घ्या. ‘गेम चालत नाही’ असं लिहिलेलं पत्र कुणी उघडून बघत नाही. डीएक्सडायग हे विंडोजमधलं यंत्राची माहिती देणारं साधन चालवून मिळणारी माहिती जोडा, ड्रायव्हरची आवृत्ती लिहा, कुठल्या सेव्हपासून सुरू केलं, कुठलं बटण दाबलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि पाचपैकी किती वेळा झालं ते लिहा. नंतर एकेक गोष्ट बदलून बघा: ओव्हरले (गेमवर आणखी काही दाखवणारी सॉफ्टवेअरं) बंद, अँटीव्हायरसमध्ये सूट, जुना ड्रायव्हर. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही. असे नीट लिहिलेले दहा-बारा रिपोर्ट मुलाखतीला घेऊन गेलात, तर मी तरी सर्टिफिकेटं नंतर बघेन. आणि त्यातला एखादा स्टुडिओकडे पाठवलात, तर पाठवताना सेव्ह फाइल जोडायला विसरू नका. तिच्यामुळे प्रोग्रामरला बग पाच मिनिटांत स्वतःच्या यंत्रावर उठवता येतो.